भरल्या टोफूची कुरकुरीत साल

तव्यावर टोफूचा तुकडा टाकला की पहिली काही मिनिटं नुसती चरचर ऐकू येते. रंग येत नाही, साल धरत नाही. घाईनं उलथनं घातलं तर खालचा थर तव्यालाच चिकटून राहतो. आच कमी पडली असं वाटतं, पण अडसर असतो तो पाण्याचा.

पनीरमध्ये साधारण निम्मं पाणी असतं. घट्ट टोफूत पाच भागांतले जवळजवळ चार भाग. दुकानात त्याला 'सोया पनीर' म्हणतात, तरी दोघांची घडण वेगळी. सोयाबीनचं दूध उकळलं की त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात. मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घातलं की ती एकमेकांना धरतात, त्यांचं बारीक जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं.

एक ग्रॅम पाणी 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला 75 कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी 540. म्हणजे सातपटीहून जास्त! तुकडा वरून ओला असेपर्यंत तव्याची बहुतेक उष्णता वाफेतच खर्च होते आणि त्याचं तापमान शंभराच्या पुढे फारसं सरकत नाही. खमंग तांबूस रंग देणाऱ्या प्रक्रियेचं वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये केलं. ती जोर धरते 140 अंशांच्या आसपास. तेव्हा आधी सालीपुरतं पाणी घालवायचं, आतलं मात्र राखायचं.

त्यासाठी मला सगळ्यात आवडणारा उपाय उलटा वाटेल असा आहे: टोफू कडकडीत गरम, खारट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा. उष्णतेनं प्रथिनांचं जाळं आकसतं आणि बाहेरच्या थरातलं पाणी पिळून निघतं. शिवाय बाहेर काढलेला गरम तुकडा फडक्यावर भराभर सुकतो. वजनाखाली दाबूनही पाणी जातं, पण भरायच्या टोफूला तडे गेलेले चालत नाहीत.

भरला टोफू ही दक्षिण चीनमधल्या हाक्का लोकांची खासियत. आपल्या गाड्यांवरच्या 'हाक्का नूडल्स'मधले हाक्का ते हेच. कोलकात्याच्या टांगरा भागात त्यांची जुनी वस्ती आहे. उत्तरेकडून दक्षिणेत आल्यावर मोमोसारख्या पदार्थांच्या पारीसाठी गहू मिळेना, म्हणून त्यांनी सारण टोफूत भरलं, असं सांगतात. सारण डुकराच्या खिम्याचं, त्यात सुकी कोळंबी किंवा मशरूम. खिमा मीठ घालून चिकट होईपर्यंत फेटतात, कारण मिठामुळे मांसातलं मायोसिन हे प्रथिन सुटं होऊन बाहेर येतं. तव्यावर तेच घट्ट होतं आणि सारण टोफूला धरून ठेवतं. म्हणूनच सारणाची बाजू आधी तव्यावर ठेवायची, आणि खिमा आतपर्यंत नीट शिजवायचा.

शाकाहारी सारणात मायोसिन नसतं. तिथे बारीक चिरलेले मशरूम पाणी आटेपर्यंत परतायचे, टोफूतून कोरून काढलेला चुरा आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळायचं. टोफूच्या खळग्यातही थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं. ओलावा शोषून फुगलेला स्टार्च खळीसारखा चिकटतो.

बाहेरूनही कॉर्नफ्लोअरचा पातळ हात हवाच. त्याचे कण उरलासुरला ओलावा पितात, साधारण 65 ते 70 अंशांना फुगून एकजीव होतात, आणि त्यातलं पाणी उडालं की काचेसारखा ठिसूळ थर मागे राहतो. दातांखाली कुरकुरतो तो हाच. जाड थर दिला तर मात्र आतली बाजू पिठूळ राहते.

तवा बिडाचा असेल तर उत्तम, तो उष्णता धरून ठेवतो. तेल चांगलं तापल्यावरच तुकडे ठेवा, मध्ये जागा सोडा. दाटी झाली की एकाची वाफ दुसऱ्याला भिजवते. मग कान द्या. मोठी चरचर म्हणजे पाणी अजून निघतंय. आवाज बारीक झाला, बुडबुडे विरळ झाले की साल धरली. आता तुकडा आपणहून सुटतो.

तव्यावरून काढल्यावर ताटावर झाकण घालू नका, जाळीवर ठेवा. आतला ओलावा सालीकडे सरकत असतोच, वर वाफ कोंडली तर तो ठिसूळ थर बघता बघता मऊ पडतो. हाक्का घरांत बऱ्याचदा तळलेले तुकडे थोड्या रश्शात मुरवतात. तेव्हा साल मऊ पडते, पण रस्सा छान धरून ठेवते. कुरकुरीतच हवा असेल तर सोया सॉसचा रस आधी ताटलीत ओता आणि तुकडे त्यावर, सारणाची बाजू वर करून मांडा.