मांजराची साखर आणि मालकाचा खिसा

लिटर ट्रेभोवती मुंग्यांची रांग दिसली की आपला हात आधी मुंग्यांच्या खडूकडे जातो. तो आवरा. एक तर त्या खडूतलं औषध मांजराला बाधतं, आणि दुसरं म्हणजे मुंग्या बहुधा काहीतरी सांगत असतात. माणसाच्या रक्तातली साखर १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही आणि ती लघवीत उतरते. मांजराची मूत्रपिंडं जरा चिवट असतात, ती साधारण २५० ते २९०पर्यंत साखर सोडत नाहीत. (हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमधले, म्हणजे घरातल्या ग्लुकोमीटरवर दिसतात तेच.) निरोगी मांजराची साखर ७० ते १२०च्या घरात असते. तेव्हा मुंग्या जमेपर्यंत मधुमेहाची गाडी बरीच पुढे गेलेली असते.

साखर लघवीत उतरताना पाणी ओढून नेते. म्हणून ट्रेमधले गोळे मोठे होतात, पाण्याची वाटी दिवसातून दोनदा रिकामी होते, मांजर सारखं खायला मागतं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. काही मांजरं मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. नसांवर परिणाम झाल्याची ती खूण आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा गुंड्या हा असाच अकरा वर्षांचा, नसबंदी झालेला, गॅलरी ते सोफा एवढाच फेरफटका मारणारा धष्टपुष्ट बोका. मधुमेहाच्या दृष्टीने हे वर्णन तंतोतंत बसतं: उतारवय, नर, नसबंदी, घरकोंडेपणा आणि लठ्ठपणा. लठ्ठ मांजरांना मधुमेहाचा धोका नेहमीच्या वजनाच्या मांजरांपेक्षा सुमारे चौपट असतो. काकू पेन्शनवर राहतात. ‘डॉक्टर म्हणाले रोज दोनदा इंजेक्शन, मला परवडणार आहे का हे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर मात्र त्यांना वाटत होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. या आजारात इन्सुलिन फार महाग पडत नाही. खर्च होतो तो मोजमापावर आणि खाण्यावर. हात नेमका तिथेच आखडला, तर पुढे इस्पितळाचं बिल येतं.

मुळात मांजर हे पक्कं मांसाहारी जनावर. जिभेवर गोड चव ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) तयार करण्यासाठी दोन जनुकं लागतात, त्यातलं एक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे. २००५ साली हे संशोधनातून पुढे आलं. त्यामुळे ‘आमची मनी गोड आवडीने खाते’ म्हणणाऱ्यांची मनी बहुधा दुधातल्या स्निग्धांशावर भाळलेली असते. मांजराच्या लाळेत पिष्ट पचवणारा विकर (एन्झाइम) नसतो. जेवणानंतर एकदम आलेली साखर यकृतात झटपट ओढून घेणारा ग्लुकोकायनेज हा विकरही त्याच्याकडे अगदीच कमी. उलट त्याचं यकृत प्रथिनांपासून साखर बनवण्याचं काम चोवीस तास चालू ठेवतं, कारण उंदरात पोळी नसते.

मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप-२ सारखा असतो. चरबीमुळे पेशी इन्सुलिनला जुमानत नाहीत, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून थकतं, त्याबरोबर बाहेर पडणाऱ्या अमायलिन या प्रथिनाचे थर पेशींभोवती साचतात, आणि सततच्या चढ्या साखरेनेच उरल्यासुरल्या पेशी गारठून जातात. यातल्या सगळ्या पेशी मेलेल्या नसतात, काही नुसत्या निपचित पडलेल्या असतात. साखर वेळेत खाली आणली तर त्या पुन्हा कामाला लागू शकतात. पैशाचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

निदानाच्या वेळी मात्र कंजूसपणा नको. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने चढते. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून हॉर्न ऐकवत पुण्याच्या कर्वे रस्त्याने नेलेलं निरोगी मांजरही दवाखान्यात ३००च्या वर जाऊ शकतं. म्हणून एका आकड्यावर निदान होत नाही. लघवीची तपासणी आणि रक्तातलं फ्रुक्टोसामाइन बघतात. हे दुसरं मागच्या एक ते तीन आठवड्यांची सरासरी सांगतं आणि रिक्षाच्या भीतीने बदलत नाही. एकदाच करायची ही तपासणी महिनोन् महिने चुकीचं इन्सुलिन देण्यापेक्षा स्वस्त.

आता इन्सुलिन. मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं असतं आणि माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चार, तरी माणसाचं त्याला चालतं. मांजरांसाठी इथले डॉक्टर बरेचदा ग्लार्जिन हे माणसांचं संथ इन्सुलिन लिहून देतात. त्याचं कारण त्याच्या रसायनात आहे: बाटलीत ते आम्लधर्मी असतं, कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण होतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात. मांजराचं शरीर इन्सुलिन लवकर संपवतं, त्यामुळे असं संथ इन्सुलिन बारा-बारा तासांनी दिलं की ठीक बसतं. हे पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही, बाटली घुसळायची नाही.

सुरुवातीचा डोस बहुतेक मांजरांना एका वेळी एक युनिटच्या आसपास असतो. ३ मिलिलिटरच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) ३०० युनिट असतात. दिवसाला दोन युनिट धरले तर कागदावर ते १५० दिवस पुरतं! प्रत्यक्षात उघडल्यावर कंपनी २८ दिवसांची मुदत देते. फ्रिजमध्ये नीट ठेवलेलं आणि स्वच्छ दिसणारं ग्लार्जिन त्यापुढेही वापरायला अनेक पशुवैद्य परवानगी देतात. आपल्या डॉक्टरांना हे मोकळेपणी विचारा, संकोच करू नका. गढूळ झालं, कण दिसले किंवा साखर अचानक चढू लागली तर ते सरळ टाकून द्यायचं. सप्टेंबर २०२२मध्ये केंद्राने ग्लार्जिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत घातलं, त्यामुळे त्याच्या किमतीला सरकारी मर्यादा आली. पेठेत राहणाऱ्यांनी सदाशिव पेठेतल्या घाऊक औषधबाजारात किंवा जवळच्या जनऔषधी केंद्रात चौकशी करायला हरकत नाही. चिठ्ठीवर पेशंटचं नाव ‘गुंड्या, बोका, ११ वर्षे’ असं वाचून काउंटरवरचा माणूस हसतो, पण औषध देतो.

याच काउंटरवर एक जीवघेणी गफलत होऊ शकते. आपल्याकडे माणसांचं साधं इन्सुलिन ४० युनिट प्रति मिलिलिटर या ताकदीच्या कुपीत सर्रास मिळतं, आणि त्यासाठीची यू-४० सिरिंज लाल टोपणाची असते. ग्लार्जिन १०० ताकदीचं, त्याची यू-१०० सिरिंज नारिंगी टोपणाची. ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ‘एक युनिट’च्या खुणेपर्यंत भरलं, तर मांजराला प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. चार-पाच किलोच्या जिवाला हा फरक फार मोठा. दुकानातून निघण्याआधी टोपणाचा रंग आणि खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा. शिवाय १ मिलिलिटरच्या यू-१०० सिरिंजवर बहुधा दोन-दोन युनिटला एक रेघ असते, एक युनिट अंदाजाने भरावं लागतं. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची बारीक सिरिंज शोधून आणा. चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.

इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर तेवढ्या वेळात काही बिघडत नाही, दार उघडझाप करू नका म्हणजे झालं. एप्रिल-मेमध्ये प्रवासात मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून न्या, डिकीत ठेवू नका.

टोचणं हा सगळ्यात भीतीचा आणि प्रत्यक्षात सगळ्यात सोपा भाग. मांजर वाटीत तोंड घालून खात असताना कुशीवरची सैल कातडी चिमटीत धरायची, तयार झालेल्या तंबूत सुई घालायची. गुंड्या तर मान वर करूनही बघत नाही. आधी खाणं, मग सुई, हा क्रम मोडू नका: न खाणाऱ्या मांजराला नेहमीचा डोस देणं धोक्याचं. अशा वेळी डॉक्टरांना फोन.

साखर मोजायला रक्ताचा थेंब कानातून घेतात. या कान टोचण्याला जास्त सराव लागतो. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, ती उजेडात दिसते. कान आधी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापडाने शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, शीर आणि कडा यांच्या मध्ये टोचायचं आणि मिरीएवढा थेंब पट्टीला लावायचा. लगेच बक्षीस म्हणून चिकनचा तुकडा. आठवड्याभरात मांजर त्या तुकड्यासाठी स्वतःच येऊन बसतं.

माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, फक्त तो काय सांगतो ते समजून घ्या. माणसाच्या रक्तातली सुमारे ४२ टक्के साखर लाल पेशींत असते, मांजराच्या फक्त ७ टक्के. बाकी सगळी बाहेरच्या द्रवात. माणसाच्या रक्तासाठी बसवलेलं गणित मांजराची साखर सहसा खरीपेक्षा कमी दाखवतं. रोज तोच मीटर वापरला तर कल बरोबर कळतो, आणि डॉक्टरांना कुठल्या मीटरवरचे आकडे आहेत ते सांगायचं. एक पट्टी साधारण दहा-वीस रुपयांना पडते, तेव्हा महिन्याच्या हिशोबात पट्ट्या इन्सुलिनला मागे टाकतात. नेमक्या याच ठिकाणी बचत करावीशी वाटते. सुरुवातीच्या काळात प्रत्येक इंजेक्शनआधी आणि अधूनमधून इंजेक्शननंतर चार ते आठ तासांनी, म्हणजे साखर तळाला असते तेव्हा, मोजणं भाग आहे. नंतर पट्ट्या कमी करता येतात. इंजेक्शनआधीचा आकडा पहिल्या काही आठवड्यांत २००च्या खाली दिसला तर सुई खाली ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. डोस रोज खालीवर करायचा नसतो. आजचा आकडा वाईट दिसला म्हणून संध्याकाळी अर्धा युनिट वाढवणारे मालकच मांजराला रात्री अकरा वाजता दवाखान्यात नेतात.

लघवीच्या पट्ट्या स्वस्त असतात, त्यांवर साखर आणि कीटोन (इन्सुलिन अपुरं पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) दोन्ही कळतात. त्यांवरून डोस वाढवू नये. पण कीटोन आलं, मांजर खाईना, उलट्या करू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

साखर खूप खाली गेली की मांजर झोकांडतं, शून्यात बघतं, झटके येतात. मीटरवर ५०च्या खाली किंवा अशी लक्षणं दिसली, तर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोजची पूड बोटाने हिरड्यांवर चोळा, शुद्धीवर असेल तर खायला द्या आणि निघा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतायचं नाही. घरात ग्लुकोजचा डबा नेहमी असू द्या.

खाण्याबद्दल मराठी घरांत जरा अवघड बोलावं लागतं. दूध-पोळी आणि दूध-भातावर पिढ्यान् पिढ्या मांजरं वाढली. पोळीमुळेच मधुमेह होतो असं म्हणता येत नाही. लठ्ठपणा आणि आळस हे मोठे गुन्हेगार आहेत. पण मधुमेह झाल्यावर पिष्ट बंद, यात वाद नाही. कोरडं कॅटफूडही यात धरा. त्याच्या पिशवीवर पिष्टाचा आकडा नसतो, तो काढावा लागतो: १०० मधून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. समजा प्रथिनं ३२, स्निग्धांश १२, तंतू ४, ओलावा १०, राख ८, उरले ३४. या खाण्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उष्मांक पिष्टातून येतात. साध्या ओल्या पाउचमध्ये हाच हिस्सा १० टक्क्यांच्या खाली असू शकतो, मात्र दाट ग्रेव्हीचे पाउच टाळा, दाटपणा पिष्टाचा असतो. ‘डायबेटिक’ शिक्का असलेलं महाग आयात खाणं घेतलंच पाहिजे असं नाही.

घरचं उकडलेलं चिकन स्वस्त पडतं, पण एकटं पुरत नाही. त्यात कॅल्शियम नाही, आणि टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक असलेलं अमिनो आम्ल उकळताना पाण्यात उतरतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय सैल होतं, हे १९८७ साली दाखवलं गेलं. म्हणून उकडलेलं पाणी फेकू नका, पूरक पूड किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि मटणाच्या रश्श्यातला तुकडा देऊ नका: कांदा-लसूण मांजराच्या लाल पेशी फोडतात. खाणं एकदम बदललं तर इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटते, तेव्हा बदल डॉक्टरांना सांगून आणि मोजत मोजत करा. वजन आठवड्याला एक टक्का, फार तर दोन टक्के उतरावं. उपाशी ठेवलेल्या लठ्ठ मांजराचं यकृत चरबीने भरतं.

घरातल्या आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांकडे बघू नका. मेटफॉर्मिन मांजरांच्या फारसं उपयोगी पडत नाही. बेक्साग्लिफ्लोझिन आणि वेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांसाठीची तोंडाने द्यायची औषधं अमेरिकेत २०२२ आणि २०२३मध्ये मंजूर झाली, पण त्यांत साखर फारशी न चढताही कीटोन वाढू शकतात, आणि आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती देत नाहीत. त्याच जातीची माणसांची स्वस्त गोळी अर्धी करून देणं म्हणजे जुगार.

आता त्या निपचित पेशींकडे. घरच्या घरी साखर मोजून ग्लार्जिन देणाऱ्या मालकांच्या ५५ मांजरांचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही काटेकोर पद्धत सुरू केलेल्या मांजरांपैकी ८४ टक्क्यांचं इन्सुलिन सुटलं. उशिरा सुरू केलेल्यांत हाच आकडा ३५ टक्के होता. हे मालक मनापासून मोजणारे होते, सगळ्यांना तेवढं यश येईलच असं नाही. पण हाताशी मोजकेच पैसे असतील, तर ते पहिल्या सहा महिन्यांच्या पट्ट्यांवर आणि ओल्या खाण्यावर घाला. निदानानंतर दोन वर्षं रडतखडत निम्मं-शिम्मं इन्सुलिन देण्यात एकूण खर्च जास्त होतो.

इन्सुलिन सुटलेल्या मांजरालाही आठवड्यातून एकदा कान टोचा, कारण काहींचा मधुमेह परत येतो. खाज, दमा किंवा हिरड्यांच्या दुखण्यासाठी कुणी साखर चढवणारं स्टेरॉइड देत असेल, विशेषतः महिनाभर टिकणारं इंजेक्शन, तर सुई भरण्याआधी मधुमेहाची गोष्ट त्यांच्या कानावर घाला. नवीन दवाखान्यात ती केसपेपरच्या पहिल्याच ओळीवर लिहून घ्या.