श्रावक

जैन धर्माचा गृहस्थ अनुयायी. स्त्री असल्यास श्राविका. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून हा शब्द आला. पण उपदेश ऐकण्यावर श्रावकाचे काम संपत नाही. जैन संघ चतुर्विध आहे : साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. म्हणजे दीक्षा न घेतलेला माणूसही संघातलाच. श्वेतांबर पंथाच्या आगमांपैकी, म्हणजे धर्मग्रंथांपैकी, स्थानांगसूत्रात श्रमणोपासक, म्हणजे साधूंचे उपासक श्रावक, चार प्रकारचे सांगितले आहेत : आईवडिलांसारखा, भावासारखा, मित्रासारखा आणि सवतीसारखा. शेवटचा साधूच्या चुका शोधत राहतो. अशांनाही यादीत जागा ठेवली, हे विशेष.

श्रावकाची व्रते 12 : पाच अणुव्रते (लहान व्रते), तीन गुणव्रते (त्यांना बळ देणारी), चार शिक्षाव्रते (सरावाची). साधूची महाव्रतेच येथे संसाराला झेपतील इतकी सौम्य होतात. दिगंबर परंपरेत पुढे 11 प्रतिमा, म्हणजे पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवरचा ऐलक घरदार सोडून एका लंगोटीवर राहतो. तरी शास्त्राच्या हिशेबी तो श्रावकच.

श्रावकाचे महत्त्व सर्वांत ठळक दिसते ते आहारदानात. दिगंबर मुनी रांधत नाहीत, पैसा किंवा जेवणाचे भांडे बाळगत नाहीत. दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागात मुनी गावात आले की घरोघरी चौका, म्हणजे शुद्ध आहाराचा स्वयंपाक, लागतो. शुद्ध वस्त्रे नेसून, हातात कलश किंवा नारळ घेऊन घरची माणसे दारात उभी राहतात : ‘हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!’ याला पडगाहन म्हणतात. मुनींनी मनाशी एखादा ‘विधी’ ठरवलेला असतो. अमुक वस्तू हाती धरलेला दाता दिसला तरच थांबायचे, असा. तो जुळला नाही तर ते उपाशी परततात. ओंजळीत केस निघाला तर अंतराय, म्हणजे विघ्न, होतो, आहार तेथेच थांबतो आणि पाणीही थेट दुसऱ्या दिवशी. म्हणून प्रत्येक घास आधी चिवडून पाहायचा, मगच ओंजळीत ठेवायचा. मुनींसाठी मुद्दाम केलेले अन्न त्यांना वर्ज्य. चौका मात्र मुनी आले म्हणूनच लागतो. घरचेही तेच जेवतात, असा त्यावर खुलासा केला जातो. तो सर्वांना पटतोच असे नाही.

मंदिराचा व्यवहारही गृहस्थांच्या हाती असतो. अभिषेकाचा किंवा आरतीचा मान बोली लावून दिला जातो आणि ती रक्कम देवस्थानाकडे जमा होते. दक्षिण महाराष्ट्रात पूजा सांगणारे उपाध्येही संसारी असतात.

1899 मध्ये स्थापन झालेली दक्षिण भारत जैन सभा ही अशा गृहस्थांचीच संघटना. तिच्या चळवळीतून विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघाली. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले होते.