प्रथिन स्फटिकांची प्रारणजन्य हानी

प्रथिनाची त्रिमितीय रचना ठरविण्यासाठी स्फटिकावर सोडलेल्या क्ष-किरणांमुळेच त्या स्फटिकात होणारी रासायनिक व संरचनात्मक मोडतोड. ती टाळता येत नाही, फक्त लांबविता येते.

एक अँगस्ट्रॉम (१०⁻¹⁰ मीटर) तरंगलांबीचे किरण ०.१ मिमी. जाडीच्या स्फटिकातून गेले, तर जेमतेम २% फोटॉनांची द्रव्याशी आंतरक्रिया होते. त्यांपैकी सु. ८४% प्रकाशविद्युत् परिणामाने (अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकून) शोषले जातात आणि विवर्तनाला (स्फटिकातून किरण ठराविक दिशांना विखुरण्याला) उपयोगी पडणारे सु. ८% च असतात. म्हणजे विवर्तनचित्राला हातभार लावणाऱ्या एका फोटॉनामागे दहाएक फोटॉन आपली ऊर्जा स्फटिकातच सोडतात. सुटलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन पुढे सु. ५०० आयनीकरणे घडवू शकतो. बहुतेक हानी या दुय्यम इलेक्ट्रॉनांनी व त्यांच्यापासून बनणाऱ्या मुक्त मूलकांनी (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील कणांनी) होते.

मोजमापावर आधारलेला पहिला अभ्यास सामान्यतः ब्लेक व फिलिप्स यांचा (१९६२) मानला जातो. स्पर्म देवमाशाच्या मायोग्लोबिनाचे स्फटिक वापरून त्यांनी असा अंदाज केला, की शोषला गेलेला ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक फोटॉन सु. ७० रेणू पूर्ण नासवितो आणि आणखी ९० रेणूंची मांडणी बिघडवितो. अखंड, विस्कळीत व अस्फटिकी अशा तीन अवस्थांचे त्यांचे प्रतिमान हेंड्रिक्सन यांनी १९७६ मध्ये सुधारले. ७० व ९० हे आकडे अनेक ठिकाणी सर्वसाधारण नियम म्हणून दिलेले आढळतात; ते त्या स्फटिकापुरते व सामान्य तापमानापुरते घेणेच योग्य.

हानी शोषलेल्या मात्रेवर (१ ग्रे = १ जूल/किग्रॅ.) मोजतात. मर्यादा किती, याविषयी एकमत नाही. रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनातील अनुभवावरून थंड स्फटिकांसाठी २० मेगॅग्रे (१ मेगॅग्रे = १० लाख ग्रे) ही मर्यादा सुचविली. ओवेन, रुदिन्यो-पिन्येरा व गार्मन यांनी २००६ मध्ये फेरिटिनाच्या स्फटिकांवर प्रत्यक्ष मोजणी केली. त्यांत विवर्तनतीव्रता निम्मी होण्यास ४३ मेगॅग्रे लागले. तथापि तीव्रता मूळच्या ७०% वर येते ती ३० मेगॅग्रे हीच व्यवहारातील सीमा मानावी, असे त्यांनी म्हटले. तिसरे मत मर्यादा विभेदनाशी (रचनेत दिसणाऱ्या तपशिलाच्या बारकाईशी; अँगस्ट्रॉमचा आकडा लहान तितका तपशील बारीक) जोडते : दर अँगस्ट्रॉमला सु. १० मेगॅग्रे. बारीक तपशील प्रथम नाहीसा होतो, हे प्रत्यक्षात दिसत असल्याने २ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून चांगल्या विभेदनासाठी हा निकष अधिक सुरक्षित ठरतो.

याहून फसवी असते ती स्थानविशिष्ट हानी. एकंदर तीव्रता फारशी घटण्यापूर्वीच ती सुरू होते. २००० साली तीन स्वतंत्र गटांनी तिचा क्रम दाखविला : प्रथम डायसल्फाइड (दोन गंधक अणूंमधील) बंध तुटतात, मग ॲस्पार्टेट व ग्लुटामेट या ॲमिनो अम्लांचे कार्बॉक्सिल गट निघून जातात, पुढे मेथिओनिनाचा मेथिलथायो गट. धातूंचे क्षपण (त्यांना इलेक्ट्रॉन मिळणे) याही आधी होते. प्रकाशसंश्लेषणातील प्रकाशप्रणाली-२ या प्रथिनसंकुलातील मँगॅनिजाच्या बाबतीत हे ठळकपणे दिसले. धातू-ऑक्सिजन अंतरे क्षपित अवस्थेची निघाली, तर ती मूळ एंझाइमाची म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. नेमकी सक्रिय स्थानेच नाजूक असल्याने ही बाब गंभीर आहे.

शीतन : स्फटिक नायलॉनच्या बारीक फासात उचलून, २०-३०% ग्लिसरॉलासारख्या हिमरक्षकातून काढून द्रव नायट्रोजनात बुडवितात व १०० केल्विनच्या वायुझोतात ठेवतात. हिमरक्षक कमी पडला, तर ३.९, ३.६७ व ३.४४ अँगस्ट्रॉमला विवर्तनचित्रात बर्फाची कडी उमटतात. थंडीत हायड्रॉक्सिल मूलके जागीच थिजतात, त्यामुळे स्फटिक सामान्य तापमानाच्या मानाने सु. ७० पट मात्रा सोसतो. इलेक्ट्रॉन मात्र १०० केल्विनलाही सरकत राहतात. डायसल्फाइड बंध शीतनाने वाचत नाहीत ते यामुळेच. वापरलेला स्फटिक पुन्हा तापविल्यास त्यातून वायूचे बुडबुडे येतात.

मात्रेचा कच्चा हिशेब आधीच करावा : १ अँगस्ट्रॉमला दर चौरस मायक्रॉनमागे २,००० फोटॉन म्हणजे सु. १ ग्रे. सेकंदाला एक लाख कोटी फोटॉनांचा झोत १००×१०० मायक्रॉनांवर पसरला, तर ३० मेगॅग्रे व्हायला १० मिनिटे लागतात. तोच २०×२० मायक्रॉनांवर एकवटला, तर अवघे २४ सेकंद. नेमक्या मोजणीसाठी रॅडडोस ही संगणक प्रणाली वापरतात. तीत द्रावणातील जड अणू भरायला विसरू नये. कॅकोडिलेट बफरमधील आर्सेनिक १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास बरेच शोषण करते, म्हणून स्फटिक दुसऱ्या बफरात धुऊन घ्यावा. लांब स्फटिक झोतातून सरकवीत फिरविल्यास मात्रा वाटली जाते. विदेमध्ये बी-घटकाची (अणूंच्या अस्थिरतेच्या मापाची) व सममूल्य परावर्तनांतील (सममितीमुळे सारख्याच असायला हव्यात अशा विवर्तन-ठिपक्यांतील) विसंगतीची वाढ हे भरवशाचे लक्षण. एकक कोशिकेचे (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानात लहान घटकाचे) प्रसरण दिसते खरे, पण मात्रामापक म्हणून ते विश्वसनीय नाही. ॲस्कॉर्बेटसारख्या मूलकशोषकांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

क्ष-किरण देणाऱ्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरच्या फेम्टोसेकंदी (१ फेम्टोसेकंद = १०⁻¹⁵ सेकंद) स्पंदात स्फटिक नष्ट होण्यापूर्वीच विवर्तन नोंदविले जाते. प्रकाशप्रणाली-१ वर हे तंत्र २०११ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. प्रकाशप्रणाली-२ ची जवळजवळ हानिरहित रचना जपानमधील साक्ला लेसरवर मिळाली (२०१५). भारतात इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर) तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिन स्फटिकविज्ञानाची किरणवाहिनी उभारली आहे.