दोन्ही जबडे सुटे झाले, तेव्हा स्प्लिंट आला
जबड्याचे व्यंग सुधारण्यासाठी केलेली पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया १८४९ची मानली जाते. भाजल्यानंतर आकसलेल्या व्रणाने एका तरुणीचा खालचा जबडा पुढे ओढला गेला होता. अमेरिकेतील सायमन हलिहेन यांनी तो कापून मागे घेतला. पुढची शंभर वर्षे प्रगती रखडतच झाली. १९५०च्या दशकात ह्यूगो ओब्वेगेसर यांनी तोंडाच्या आतूनच खालच्या जबड्याचे हाड उभे चिरण्याची पद्धत रुळवली. नंतर वरचा जबडाही पूर्ण सुटा करून ते हलवू लागले आणि दोन्ही जबडे एकाच वेळी कापणे शक्य झाले.

खरी अडचण इथेच सुरू झाली. एकच जबडा हलवायचा तर दुसऱ्याच्या दातांचा आधार मिळतो. दोन्ही सुटे केल्यावर माप कशावरून धरायचे? यावरचा उपाय म्हणजे दोन्ही अंगांना दातांचे खळगे असलेली ॲक्रिलिकची पातळ पट्टी, स्प्लिंट. वरचा जबडा कापला की मधला (मधल्या टप्प्यापुरता) स्प्लिंट खालच्या, अजून न कापलेल्या दातांवर ठेवायचा, वरचे दात त्यात बसवायचे, जबडे तारेने बांधायचे आणि मग हाडाला प्लेट लावायची. खालच्या जबड्यासाठी अंतिम स्प्लिंट वेगळा.

हा स्प्लिंट दातांच्या प्लास्टरच्या मॉडेलवर बने. फेसबो या चेहऱ्यावर बसवायच्या मोजमापाच्या चौकटीने वरच्या जबड्याचे कवटीशी असलेले नाते टिपून मॉडेल आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यांच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या उपकरणावर, चढवायचे, रेघा आखून करवतीने कापायचे, मेणाने नव्या जागी चिकटवायचे. प्रत्येक पायरीची बारीकशी चूक शेवटी स्प्लिंटमध्ये उतरे. चेहराच वाकडा असेल तर फेसबोही तिरका बसे. इतकी वर्षे हे निभावले ते तंत्रज्ञांच्या कसबामुळे, असे मला मनापासून वाटते.

१९७१ मध्ये रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, १९८६ मध्ये चार्ल्स हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचे, म्हणजे थरावर थर रचत वस्तू छापण्याच्या तंत्राचे, पेटंट मिळाले. तरी संगणकावर बेत आखून स्प्लिंट छापणे लगेच जमले नाही, कारण दातांवर लावलेले धातूचे ब्रॅकेट आणि फिलिंग यांमुळे सीटीत दात रेघाळलेले दिसतात. दातांचा स्वतंत्र स्कॅन हाडांच्या प्रतिमेत बसवल्यावरच वाट मोकळी झाली. ह्यूस्टनमधील हायमे गातेनो आणि जेम्स शिया यांच्या गटाने २००० नंतर यावर मोलाचे काम केले.

मात्र संगणकावर आखून छापलेला मधला स्प्लिंटही खालच्या जबड्यावरच टेकतो. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात; कानापुढच्या सांध्यात तो जबडा जरा सरकला, तर वरचाही चुकीच्या जागी जातो. म्हणून काही शल्यचिकित्सक आता मधला स्प्लिंट वगळून, त्या रुग्णासाठीच घडवलेले, हाड कुठे कापायचे ते दाखवणारे कटिंग गाइड आणि टायटॅनियमच्या प्लेट वापरतात. त्या महाग पडतात, आणि ऑपरेशन चालू असताना बेत बदलायला त्यात फारशी मोकळीक नसते.