मोठ्या अमेरिकी गाड्यांचा दुहेरी एक्झॉस्ट : १९७५ साली नेमकं काय झालं?

साठ-सत्तरच्या दशकातली शेवरलेटची इम्पाला किंवा कप्रीस दुरुस्तीला काढली की गॅरेजमध्ये दोन विषय हमखास निघतात : दुहेरी एक्झॉस्ट, म्हणजे धुराच्या एका पाइप-सायलेन्सरऐवजी दोन, टाकायचे का, आणि इंजिनातला धूर गोळा करणारे बिडाचे मॅनिफोल्ड काढून त्यांच्या जागी वेगळ्या नळ्यांचे हेडर बसवायचे का. पाठोपाठ एक ठरलेलं वाक्यही येतं, की पूर्वी दोन पाइप असायचे, अमेरिकी सरकारने ते बंद केले. यातला दुसरा भाग जेमतेम अर्धा खरा आहे.

दुहेरी एक्झॉस्टची हौस हॉट-रॉडवाल्यांनी, म्हणजे वेगासाठी गाड्यांत फेरफार करणाऱ्या हौशींनी, तिसाच्या दशकातच सुरू केली होती. कॅडिलॅकने १९५२ साली पाइपांची तोंडं थेट मागच्या बंपरमध्ये बसवली आणि दोन पाइप ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत ती १९५५च्या शेवरलेटने आणली. नवं २६५ घन इंचांचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) साध्या रूपात १६२ अश्वशक्तीचं होतं. ‘पॉवर पॅक’ घेतलं की चार-बॅरल (हवेच्या चार वाटांचा) कार्ब्युरेटर, दुहेरी एक्झॉस्ट आणि १८० अश्वशक्ती मिळे.

तरीही बहुतेक मोठ्या सेडान एकाच पाइपवर राहिल्या. पैसा हे एक कारण झालं, गंज हे दुसरं. धूर दोन वाटांनी विभागला की प्रत्येक पाइप कमी तापतो. बाजारात जाऊन येण्याइतक्या छोट्या फेरीत आतलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही, सायलेन्सरमध्ये साठतं आणि पत्रा आतून खातं. दोन सायलेन्सरांचा हा खर्च त्या काळच्या मालकांना चांगला ठाऊक होता. आजच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही.

हेडरची गोष्ट निराळी. साठच्या सुरुवातीला शर्यतींच्या ईर्ष्येपायी कारखान्यांनीच लांब, वेगवेगळ्या वाटांचे मॅनिफोल्ड ओतले. फोर्डने १९६० मध्ये ३५२ घन इंचांच्या ३६० अश्वशक्तीच्या इंजिनावर बिडाचे बसवले. पाँटियाकच्या ४२१ घन इंचांच्या इंजिनासाठी तर अॅल्युमिनियमचेही मिळत. ते ड्रॅग शर्यतीच्या पाव मैलापुरते ठीक, पण फार वेळ जोरात चालवलं तर वितळण्याची भीती. जानेवारी १९६३ मध्ये शेवरलेट आणि पाँटियाक ज्याचे, त्या जनरल मोटर्स उद्योगसमूहाच्या वरिष्ठांनी शर्यतींतून अंग काढून घेतलं. मग हे काम बाहेरच्या नळीवाल्यांकडे गेलं, ते कायमचंच.

हेडरने फायदा का होतो, हे शेवरलेटच्या ठिणगीच्या क्रमात दिसतं : १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांचे सिलिंडर चालकाच्या बाजूला. त्यातले ५ आणि ७ शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात, क्रँक फक्त ९० अंश फिरतो. उजवीकडे ८ आणि ४ शेजारी नसले तरी तेही असेच लागोपाठ पेटतात. आखूड मॅनिफोल्डमध्ये एकाचा धूर पुरता बाहेर पडायच्या आत दुसऱ्याचा दाब त्याच वाटेत येऊन आदळतो. हेडर प्रत्येकाला स्वतंत्र नळी देतो आणि सगळ्यांची गाठ पुढे एका ठिकाणी घालतो. दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये आडव्या नळीने जोडायची पद्धतही याच विषमतेवरचा उपाय आहे.

किंमत मात्र मोजावी लागते. बिडाच्या मॅनिफोल्डबरोबर उष्णतेची झडप जाते. इंजिन थंड असताना गरम धूर इनटेककडे वळवून कार्ब्युरेटर तापवायचं काम ती करत असे. चोकला मिळणारी ऊबही जाते आणि सकाळी गाडी अडखळते. उजवीकडच्या नळ्या स्टार्टरला इतक्या तापवतात की लांबच्या रपेटीनंतर तो फिरायचंच नाकारतो. नळ्या खाली लोंबतात, गॅस्केट फुंकतं, बोल्ट पुन्हा पुन्हा आवळावे लागतात. दोन टनांच्या आसपासची, सावकाश चालवायची गाडी असेल तर चांगला बिडाचा मॅनिफोल्ड आणि अडीच इंची दोन पाइप पुरेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ वादाकडे. १९७१ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं गेलं, आणि अश्वशक्तीचे जुने ‘ग्रॉस’ व नवे ‘नेट’ असे दोन्ही आकडे छापले गेले. त्या वर्षीचं शेवरलेटचं दोन-बॅरल कार्ब्युरेटरचं ३५० घन इंचांचं इंजिन ग्रॉसने २४५ आणि नेटने १६५ अश्वशक्तीचं. इंजिन तेच. ग्रॉस आकडा प्रयोगशाळेतल्या मोकळ्या एक्झॉस्टवर काढलेला होता, नेट आकडा गाडीला प्रत्यक्ष असलेल्या सायलेन्सरसह. पुढच्या वर्षापासून फक्त नेट उरला आणि ‘कायद्याने इंजिनं मारली’ ही समजूत रुजली.

१९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरात काय किती असावं याची मर्यादा घातली. पाइप किती असावेत, हे त्यात कुठेही नव्हतं. १९७५च्या मॉडेलांसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू रासायनिक क्रियेने कमी करणारा डबा) स्वीकारायचा आणि दोन्ही बाजूंचा धूर एकत्र करून एकाच कन्व्हर्टरमधून न्यायचा, हा कारखान्यांचा निर्णय होता. बाजूने मुद्दे होते. कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांना काम करू लागतो, आणि अर्ध्या धुरावर तो उशिरा तापतो. प्लॅटिनम-पॅलेडियम दुप्पट लागलं असतं. तळाशी उष्णतेचे दोन पडदे आले असते. शिवाय बहुतेक मोठ्या सेडानला आधीही एकच पाइप होता.

छोट्या व्ही-८ च्या कौटुंबिक गाडीपुरता हा हिशेब मला पटतो. ४५४ घन इंचांच्या इंजिनाचा सगळा धूर गोळ्या भरलेल्या एका चपट्या डब्यातून ढकलणं मात्र काटकसरच होती, आणि तिचं खापर कायद्यावर फोडलं गेलं. शेवरलेटच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये हे उघडच दिसतं. १९७४ची शेवटची, खऱ्या अर्थाने स्वतंत्र दोन पाइपांची. १९७५ मध्ये दोन पाइप कन्व्हर्टरपाशी एक होतात आणि पुढे पुन्हा दोन होऊन बाहेर पडतात. मागून पाहिलं तर काहीच बदललेलं नाही! मूळ इंजिनाची शक्ती १९५ वरून १६५ वर आली. कारणं इतरही होती, पण वाट अरुंद होणं त्यातलं एक.

पुढचा इतिहास कायद्यांचाच जास्त आहे. १९७७च्या दुरुस्तीने प्रदूषणरोधक भाग काढायची बंदी दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजांनाही लागू झाली, १९९० मध्ये ती खुद्द मालकापर्यंत आली. कॅलिफोर्नियात १९८४ पासून धूरतपासणी सुरू झाली. आज तिथे १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना ती माफ आहे. इथे अनेकांचा घोळ होतो : १९७५च्या गाडीला तपासणी नाही, पण तिचा कन्व्हर्टर काढायची मुभाही नाही. १९७४पर्यंतच्या गाडीत तो मुळातच नव्हता, म्हणून दुहेरी एक्झॉस्टसाठी तीच वर्षं सोपी पडतात. आणि १९९४ ते ९६च्या इम्पाला एसएसने २६० अश्वशक्ती आणि कारखान्यातूनच दुहेरी एक्झॉस्ट देऊन दाखवला, तोही जास्त कडक मर्यादा पाळून. मध्यंतरी संगणकाने इंधन मोजणं आलं होतं, हे खरं. तरी अडचण दोन पाइपांची नव्हती, एवढं त्यातून सिद्ध होतं.

आपल्याकडेही या गाड्यांचा वारसा आहे. शिवडीला १९२८ पासून शेवरलेट जोडल्या जात. पुढे मुंबईत उरलेल्या कित्येक मोठ्या अमेरिकी गाड्यांत पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिनं बसवली गेली. जिच्यात मूळ व्ही-८ शाबूत आहे तिच्या मालकाने २०२१चे व्हिंटेज नियम आधी वाचावेत. नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, अशी त्यांची अट आहे. बोल्टने बसणारा पाइप नंतर काढता येतो. दुसऱ्या पाइपला वाट करायला गिअरबॉक्सखालचा आडवा दांडा कापला, तर तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.