बेळगाव सीमाभागातील आरोग्यविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण

कर्नाटकाच्या वायव्य टोकाला, महाराष्ट्र आणि गोवा यांना लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यात व त्याच्या आसपासच्या मराठी पट्ट्यात वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माण आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांत पदवीनंतर घेतले जाणारे शिक्षण. बोलण्यात या सगळ्याला 'पीजी' म्हणतात. शेजारची पोर पीजी करतेय म्हटले, की वैद्यकातली एमडी की भौतिकोपचारातली एमपीटी हे पुन्हा विचारावेच लागते. वैद्यकातले एमडी, एमएस आणि दंतवैद्यकातले एमडीएस हे तीन वर्षांचे. एमएस्सी नर्सिंग, एमपीटी, एमफार्म (औषधनिर्माण) आणि एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) दोन वर्षांचे. पुढील नोंदीचा भर वैद्यकावर आहे, कारण सीमेचा पेच तिथे सर्वांत ठळक दिसतो.

संस्था : बेळगावात 1916 साली सुरू झालेल्या कर्नाटक लिंगायत एज्युकेशन, म्हणजे केएलई संस्थेने 1963 मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि शहराचे वैद्यकीय नशीब पालटले. 2006 पासून हे महाविद्यालय केएलईच्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठात आहे. दंत, फिजिओथेरपी, नर्सिंग आणि शहापुरातील आयुर्वेद महाविद्यालय हीही त्याच कुटुंबातली. सरकारी बाजूला बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्था, म्हणजे बिम्स. ती 2005 ची असली, तरी तिचे जिल्हा रुग्णालय त्याहून कितीतरी जुने, आणि लोकांच्या तोंडी ते अजून 'सिव्हिल'च आहे. बिम्स बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहे. मराठा मंडळाचे दंत महाविद्यालय हे मराठी समाजाच्या संस्थेने उभे केलेले. नेहरूनगरात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पारंपरिक औषधशास्त्रावरची राष्ट्रीय संस्था आहे. सह्याद्रीतील औषधी वनस्पतींवर काम करणारे संशोधक तिथे भेटतात.

जिल्हा एक असला, तरी त्याची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. कागवाड आणि अथणीकडच्या घरांना मिरज जवळची. तिथे 1894 पासूनचे मिशन इस्पितळ आहे आणि 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. निपाणीकर कोल्हापूर धरतात. खानापूरकरांपैकी काहींना चोर्ला घाट उतरून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज सोयीचे वाटते. उलट चंदगड, आजरा आणि दोडामार्गचे रुग्ण राज्याची हद्द ओलांडून बेळगावच्या ओपीडीत येऊन बसतात. पीजीला बसलेल्या मुलाचा पसंतीक्रमही बहुधा याच वाटांनी जातो.

प्रवेश : एम्ससारख्या काही राष्ट्रीय संस्था सोडल्या, तर एमडी-एमएससाठी 2017 पासून देशभर नीट-पीजी ही एकच परीक्षा आहे. 200 प्रश्न, 800 गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एमडीएससाठी वेगळी नीट, आयुर्वेद-होमिओपॅथीसाठी आयुषची वेगळी परीक्षा. सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या राज्याकडे असतात. अभिमत विद्यापीठांच्या जागांचे समुपदेशन दिल्लीहून होते. त्यामुळे केएलईच्या वॉर्डात दिल्ली, केरळ आणि राजस्थानची मुले सर्रास दिसतात. शुल्काचा फरक मात्र इतका, की 'घराजवळ' हा शब्द मध्यमवर्गीय बापाला आधी बँकेत नेतो.

खरा गुंता राज्य कोट्याचा. महाराष्ट्राने ज्या 865 गावांवर दावा सांगितला आहे आणि ज्यासाठी 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे, तिथल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र शासन एमबीबीएसच्या काही जागा राखून ठेवते. अशा जागेवरून महाराष्ट्रात शिकून आलेली मुलगी पीजीच्या वेळी कुणाची? घर कर्नाटकात, पदवी महाराष्ट्राची. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात केवळ रहिवासाच्या आधारावर दिलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले. जिथून पदवी घेतली त्या संस्थेला मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा कायम राहिली. म्हणजे रेशनकार्डापेक्षा एमबीबीएसचे प्रमाणपत्र जड झाले. सीमाभागातल्या मुलांना हा निकाल इतरांपेक्षा जास्त लागू पडतो, पण त्यावर इथे म्हणावी तशी चर्चा झालेली नाही. दर वर्षीचे माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचण्याला पर्याय नाही.

वॉर्डातली तीन वर्षे : पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचे काम म्हणजे रक्ताचे नमुने, केसपेपर, रात्रीचे कॉल आणि सकाळच्या राउंडला सगळ्यांच्या आधी हजेरी. परीक्षा इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, आणि समोरचा रुग्ण म्हणतो, 'पोटात दुखालंय, दम लागालाय.' शेजारच्या खाटेवरची आजी सौंदत्तीकडची, ती कन्नडात 'होट्टे नोवु', म्हणजे पोटदुखी, म्हणते. तिसऱ्या खाटेवर उर्दू किंवा कोकणी. इथल्या मराठी मुलांना लहानपणापासून दोन्ही भाषा कानावर पडलेल्या असतात, त्यामुळे युनिटमध्ये त्यांना भाव असतो; बाहेरून आलेले सहकारी पहिले काही महिने त्यांच्यावर आणि सिस्टरांवर विसंबून काढतात. भाषेच्या राजकारणाचा जोर वॉर्डाच्या दारापर्यंत येतो, आत फारसा टिकत नाही.

प्रत्येकाला शोधप्रबंध लिहावा लागतो. गाइड ठरला की सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग तो तपासणारी एथिक्स कमिटी. त्यासाठी संमतिपत्र इंग्रजी, कन्नड आणि मराठी असे तिन्हींत लागते. आधी इंग्रजी मजकुराचा अनुवाद एक जण करतो, मग मूळ न पाहता दुसरा तो पुन्हा इंग्रजीत आणतो आणि दोन्ही ताडून पाहिले जातात. रुग्णाला वाचता येत नसेल, तर मजकूर वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्यायची. बरेच पीजी याला कारकुनी समजतात आणि मराठी प्रत आधीच्या बॅचकडून उचलतात. मग त्यातली पुस्तकी वाक्ये किणये गावच्या बाईला वाचून दाखवताना स्वतःच अडखळतात. कमिटीने सॅम्पल साइझइतकीच (किती रुग्ण घ्यायचे त्या आकड्याइतकीच) बारकाई या कागदावरही दाखवायला हवी.

क्षेत्रीय संशोधन : या जिल्ह्याचे नाव जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत गेले ते खेड्यातल्या बाळंतपणांमुळे. नेहरू महाविद्यालयातील भालचंद्र कोडकणी, शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी 2002 ते 2005 या काळात जिल्ह्यातील 1,620 बाळंतिणींवर एक चाचणी केली. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात, हाताशी डॉक्टर नाही, फक्त नर्सबाई. बाळ जन्मताच निम्म्या बायकांना गर्भाशय आकुंचित करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या 600 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने दिल्या, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. निष्कर्ष 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध आपल्या अत्यावश्यक यादीत घेतले, त्यामागच्या पुराव्यांत बेळगावचा वाटा मोठा.

गोळीइतकीच महत्त्वाची होती ती प्लास्टिकची चादर. रक्त किती गेले हे नजरेने ठरवले की अंदाज हमखास कमी येतो. म्हणून बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची, वरच्या बाजूने कमरेला बांधायची आणि खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी चादर वापरली गेली. त्या निमुळत्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. 500 ची रेघ ओलांडली, की नर्सबाईला विचार करत बसायचे कारण नाही. पुढे आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही अशीच मोजमापाची चादर उपचाराच्या केंद्रस्थानी होती. स्त्रीरोग किंवा जनआरोग्याची पीजी करणाऱ्याला इथे अशी परंपरा आयती मिळते. बाकी विषयांत ती तेवढी घट्ट नाही.

प्रबंधाला विषय मात्र आजूबाजूला पडलेले आहेत. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या बायका; त्यांचे श्वासाचे आणि तोंडाचे आजार दंत व जनआरोग्याच्या विद्यार्थ्यांना हाकेच्या अंतरावर. दोडामार्ग आणि गोव्याच्या सत्तरीत 2016 मध्ये माकडतापाने (जंगलातल्या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य तापाने) थैमान घातले; त्याला लागूनच खानापूरचे जंगल आहे आणि काजूच्या हंगामात माणसे त्यात वावरतात.

जिल्हा निवास कार्यक्रम : 2021 च्या सुमारास एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढणे सक्तीचे झाले. तालुक्याच्या इस्पितळात मोठ्या महाविद्यालयाचा तामझाम नसतो. भूलतज्ज्ञ येईपर्यंत सिझेरियन थांबवायचे की पुढे पाठवायचे, हा निर्णय तिथे घ्यावा लागतो. तीन महिने ओरडा करणारे पीजी नंतर याच दिवसांबद्दल सगळ्यात जास्त बोलतात.

नोंदणी आणि व्यवसाय : पदवी हाती आली की सीमा पुन्हा आडवी येते. कर्नाटकात व्यवसाय करायचा तर कर्नाटक वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, महाराष्ट्रात महाराष्ट्राची, आणि पदव्युत्तर अर्हता त्या नोंदणीत चढवून घ्यावी लागते. निपाणीत दवाखाना आणि कोगनोळी नाक्यापलीकडे कागलला आठवड्यातून दोन दिवस ओपीडी, असा बेत करणाऱ्याला दोन परिषदांचे कागद सांभाळावे लागतात. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना 865 गावांना लागू केली, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली. त्यामुळे कोणत्या रुग्णाचे कोणते कार्ड कोणत्या इस्पितळात चालते, हे नव्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावे लागते.