कावीळ लिव्हरची नसेल तर? लाल पेशीच्या तपासण्यांबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

लेकराचे डोळे वरचेवर पिवळे होतात, एचबी आठ-नऊच्या वर सरकत नाही आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) मात्र नॉर्मल. जिंतूर-सेलूकडून असे पेशंट आमच्या परभणीच्या लॅबमध्ये येतात, तेव्हा बहुतेकांनी आधी कुठेतरी कावीळ उतरवून घेतलेली असते. लिव्हर बिघडलेलंच नसेल तर उतरवायचं काय? डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ऑस्मोटिक फ्रजिलिटी’ किंवा ‘ईएमए’ या तपासण्या लिहिल्या असतील, तर त्यांचा संशय लाल पेशीच्या आवरणावर आहे.

पेशीच्या आवरणाखाली काय असतं

निरोगी लाल पेशी म्हणजे 7 ते 8 मायक्रॉन रुंदीची, मध्ये दबलेली चकती. ती सुमारे 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात पानथरीतल्या (प्लीहेतल्या) कितीतरी अरुंद फटींतून पुन्हा पुन्हा अंग चोरून बाहेर पडते. नुसतं चरबीचं पातळ आवरण असतं तर ते केव्हाच फाटलं असतं. म्हणून आवरणाच्या आतल्या अंगाला स्पेक्ट्रिन नावाच्या लांब, लवचिक प्रथिनाचं जाळं असतं आणि आवरण त्याला जागोजागी बांधलेलं असतं.

बांधणारी मुख्य प्रथिनं आवरणातून आरपार गेलेली असतात. त्यांतलं मोठं म्हणजे बँड 3. एका पेशीत ते सुमारे 10 लाख असतात. क्लोराइड आणि बायकार्बोनेटची अदलाबदल करून कार्बन डायऑक्साइड वाहून न्यायला मदत करणं हे त्याचं रोजचं काम. पण त्यातल्या बऱ्याच बँड 3 ची आतली टोकं अँकिरिन नावाच्या जोड-प्रथिनामार्फत स्पेक्ट्रिनला जखडलेली असतात आणि 4.2 नावाचं प्रथिन तो सांधा पक्का करतं. शिवाय स्पेक्ट्रिनची टोकं जिथे अ‍ॅक्टिनच्या आखूड तुकड्यांना मिळतात, तिथे 4.1 हे प्रथिन आवरणातल्या ग्लायकोफोरिन सी ला धरून ठेवतं. शेडवरची ताडपत्री कड्यांतून खालच्या दोऱ्यांना बांधतात, तशीच ही तऱ्हा. गाठी सुटल्या की तेवढाच भाग फडफडून फाटतो.

अँकिरिन, बँड 3, स्पेक्ट्रिन किंवा 4.2 यांपैकी एखादं जन्मतः कमी किंवा सदोष असेल, तर सुटलेल्या जागचं आवरण बारीक बारीक फोडांसारखं गळत जातं. आतला ऐवज जवळपास तेवढाच, पण आवरण कमी. मग चकतीची गोळी होते. ही गोळी पानथरीच्या फटीत अडकते आणि तिथेच संपते. एचबी उतरतं, फुटलेल्या पेशींमुळे बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) वाढतं, पानथरी मोठी होते, कमी वयात पित्ताशयात खडे होतात. हाच आनुवंशिक स्फेरोसायटोसिस. जाळ्याचे आपापसातले जोड ढिले असतील तर पेशी लांबट होतात. त्या इलिप्टोसायटोसिसचा पुष्कळांना काहीच त्रास नसतो.

तपासणीत आम्ही काय पाहतो

आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं). सीबीसीतलं एमसीएचसी (लाल पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते) 36 च्या पुढे आणि स्मिअरमध्ये मध्यभाग फिका नसलेल्या गोल पेशी दिसल्या की शंका बळावते. अशाच गोल पेशी शरीराने स्वतःच्याच रक्ताविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडीमुळेही दिसतात, म्हणून त्या अँटिबॉडी शोधणारी डायरेक्ट कूम्ब्स तपासणी टाळून चालत नाही. त्यावर पैसे वाचवू नका.

ऑस्मोटिक फ्रजिलिटीत मिठाच्या पाण्याच्या नळ्या मांडतात, 0.9 टक्क्यापासून खाली. पाणी जितकं कमी खारट, तितकं ते पेशीत शिरतं. चकतीकडे गोळीच्या मानाने सुमारे 40 टक्के जास्तीचं आवरण असतं, त्यामुळे फुगायला तिला वाव असतो. निरोगी पेशी साधारण 0.5 टक्क्याच्या आसपास फुटू लागतात आणि 0.3 ला सगळ्या फुटलेल्या असतात. गोळ्या त्याआधीच फुटतात. पेशी फुटलेल्या नळीतलं पाणी लाल पण इतकं स्वच्छ होतं की पलीकडचं छापील अक्षर वाचता येतं. पेशी न फुटलेली नळी गढूळ राहते. मात्र लोहाची कमतरता असेल तर पेशी उशिरा फुटतात आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. आपल्याकडच्या बायका-मुलांत ही कमतरता सर्रास असल्याने आम्ही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) सोबत करायला सांगतो.

ईएमए हा बाहेरून मुख्यतः बँड 3 ला चिकटणारा चमकणारा रंग. आवरण गळताना बँड 3 ही सोबत जातं, म्हणून मूळ दोष अँकिरिनचा असला तरी चमक कमीच दिसते. यासाठी एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र, फ्लो सायटोमीटर, लागतो. तो आमच्याकडे नाही. नमुना थंड पेटीतून बाहेर पाठवतो.

येताना

अलीकडे रक्त चढवलं असेल तर आधी सांगा. दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे तपासणी पुढे ढकलणंच बरं. आई-वडील दोघांनीही यावं. दर चारपैकी सुमारे तीन कुटुंबांत दोष दोघांपैकी एकाकडून आलेला असतो आणि मग प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. ‘आमच्या घरात असलं काही नाही’ म्हणणाऱ्या आजोबांच्याच सोनोग्राफीत खडे निघालेले आम्ही पाहिलेत. पानथरी काढायची की नाही, फॉलिक ॲसिड किती, हे डॉक्टर ठरवतील.

तालुक्याच्या गावी रक्त काढून पाठवणार असाल, तर ऑस्मोटिक फ्रजिलिटीसाठी हिरव्या झाकणाची आणि ईएमएसाठी जांभळ्या झाकणाची ट्यूब वापरा. एप्रिल-मेमध्ये ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात पेशी वाटेतच फुटतात आणि पुन्हा सुई टोचावी लागते. ऑस्मोटिक फ्रजिलिटीचं रक्त शक्यतो लॅबमध्येच आणि सकाळीच द्या.